वाचकांचे प्रश्न : हाताची सूज, दाबाचा हातमोजा आणि अडकलेलं बिल

हाताच्या सुजेसाठी घालायचे दाबाचे स्लीव्ह आणि हातमोजे यांच्या बिलांबद्दल आलेल्या पत्रांचे दोन गठ्ठे झाले. पहिल्या गठ्ठ्यात पेठांतल्या सर्जिकल दुकानांतून स्वतःच्या पैशानं हातमोजा घेऊन विमा कंपनीकडे बिल पाठवणारे लोक आहेत. दुसऱ्यात खराडी, हिंजवडी आणि मगरपट्ट्यात रात्रपाळीला बसून अमेरिकेतल्या सप्लायरांचे, म्हणजे वैद्यकीय वस्तू पुरवणाऱ्यांचे, क्लेम (विम्याचे दावे) ठरलेल्या क्रमांकांत, म्हणजे कोडांत, मांडणारे. नियम दोघांचे वेगळे, तरी बिल अडकण्याचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. डॉक्टरांची चिठ्ठी एका वस्तूबद्दल बोलते, मापाचा तक्ता दुसऱ्या आणि बिल तिसऱ्याच.

प्रश्न : आईच्या उजव्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. दीड महिन्यानं तिचा हात आणि बोटं सुजू लागली. डॉक्टरांनी कम्प्रेशन स्लीव्ह आणि ग्लव्ह लिहून दिला. दोन्ही टिळक रस्त्यावरच्या दुकानातून घेतले. टीपीएनं (विमा कंपनीच्या वतीनं बिलं तपासणाऱ्या संस्थेनं) ‘नॉन-पेएबल’ असा शेरा मारून दोन्ही रकमा कापल्या, औषधांचे पैसे मात्र दिले. पुन्हा अर्ज करण्यात अर्थ आहे का? (कोथरूड)

आहे. पण तेच बिल तसंच परत पाठवून काही होणार नाही.

आधी कापलं का ते पाहा. आरोग्य विम्याच्या पॉलिसीला परिशिष्ट म्हणून न मिळणाऱ्या बाबींची यादी जोडलेली असते. तिला ‘यादी १’ म्हणतात आणि तिच्यात ६८ बाबी आहेत. त्यात ‘ग्लव्ह्ज’ आहे, ‘क्रेप बँडेज’ आहे, ‘आर्म स्लिंग’ आहे, ‘स्प्लिंट’ आहे, ‘लेगिंग्ज’ही आहे. शिवाय ‘तपशील न दिलेलं कोणतंही किट’ अशी एक बाब आहे. यादीतले ग्लव्ह्ज म्हणजे नर्स वापरून फेकते ते रबरी हातमोजे. पण बिल तपासणाऱ्या माणसापुढे दिवसाला ढीगभर कागद असतात. तुमच्या बिलावर ‘ग्लव्ह – १’ एवढंच छापलं असेल, तर तो यादी बघतो, लाल रेघ मारतो आणि पुढच्या कागदाकडे वळतो. दुकानदारानं स्लीव्ह, ग्लव्ह आणि पट्ट्या मिळून ‘लिम्फेडेमा किट’ (लिम्फेडेमा म्हणजे लसिकेचा निचरा अडून येणारी सूज) अशी एकच ओळ लिहिली असेल, तर ती किटच्या बाबीत सापडते. आखूड ताणाच्या पट्टीला काउंटरवरचा मुलगा सवयीनं ‘क्रेप’ लिहितो आणि तिचेही पैसे जातात. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्या, काम मात्र वेगळं. क्रेप भरपूर ताणते. लिम्फेडेमाची पट्टी कमी ताणते, म्हणून स्नायू हलला की तिच्यावर आतून दाब येतो.

आता दुरुस्ती. दुकानात जाऊन त्याच बिल क्रमांकाचं दुरुस्त, ओळवार बिल मागा. नवीन तारखेचं बिल करून घेऊ नका, कारण तारखा जुळल्या नाहीत की दुसरा संशय सुरू होतो. बिलावर आईचं नाव हवं, पैसे तुम्ही दिले असले तरी. प्रत्येक वस्तूची ओळ वेगळी हवी आणि त्या ओळीत एवढं यायला हवं : कम्प्रेशन ग्लव्ह, लिम्फेडेमासाठी, उजवा हात, दाब किती ते पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, साइज किंवा मापानुसार, एक नग. उत्पादकाचं नाव, लॉट क्रमांक आणि दुकानाचा जीएसटी क्रमांक छापलेला असला की बिलाला वजन येतं.

दाब आकड्यातच लिहून घ्या. ‘क्लास २’ एवढ्यावर थांबू नका, कारण क्लासचे आकडे देशागणिक बदलतात. जर्मन मापात क्लास २ म्हणजे २३ ते ३२, ब्रिटिश मापात १८ ते २४, फ्रेंच मापात १५ ते २०. चिठ्ठीत जर्मन क्लास २ असेल आणि दुकानानं फ्रेंच क्लास २ दिला असेल, तर बिलाआधी आईच्या हाताचं नुकसान होतंय. तिला चुकीचा, कमी दाब मिळतोय.

तिसरा कागद डॉक्टरांचा. रोजच्या चिठ्ठीवर ‘हँड स्वेलिंग – कम्प्रेशन ग्लव्ह’ असं घाईत लिहिलेलं असतं. ते पुरत नाही. सर्जनकडून किंवा ऑन्कॉलॉजिस्टकडून लेटरहेडवर चार ओळींचं पत्र घ्या : अमुक तारखेला स्तनाचं ऑपरेशन आणि काखेतल्या गाठी काढणं झालं, त्यामुळे उजव्या हाताला लिम्फेडेमा झाला आहे, दोन्ही हातांच्या घेरात अमुक सेंटिमीटरचा फरक आहे, उपचार म्हणून अमुक दाबाचा स्लीव्ह आणि ग्लव्ह आवश्यक आहे, तो रबरी हातमोजा नव्हे. शेवटचं वाक्य डॉक्टरांना गमतीचं वाटेल, तरी लिहून घ्या. डिस्चार्ज कार्डाची प्रत आणि फिजिओथेरपिस्टचा घेरांचा तक्ता जोडा.

एवढं करूनही पैसे येतीलच असं नाही. दोन भिंती उरतात. पहिली मुदतीची. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचा खर्च ठरावीक दिवसच मिळतो. आरोग्य संजीवनी पॉलिसीत ही मुदत ६० दिवसांची आहे, इतरांत वेगळी असू शकते. तुमची सूज दीड महिन्यानं आली म्हणजे खरेदी बहुधा मुदतीत बसते. पण लिम्फेडेमा ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही उगवतो, आणि तेव्हा घेतलेला हातमोजा या खिडकीतून आत येत नाही. दुसरी भिंत ‘बाहेरून वापरायची टिकाऊ साधनं’ वगळणाऱ्या कलमाची. ते कलम तुमच्या पॉलिसीत असेल तर कितीही नीट बिल केलं तरी कंपनी त्यावर बोट ठेवेल. म्हणून अर्ज लिहिण्याआधी पॉलिसीतला वगळणुकींचा भाग वाचा, जाहिरातीचं पत्रक नव्हे. पॉलिसी नोकरीतून मिळालेली असेल तर एचआरकडे चौकशी करा. काही गट विम्यांत यादी १ मधल्या बाबीही भरून देण्याची जादा तरतूद घेतलेली असते आणि कर्मचाऱ्यांना तिचा पत्ता नसतो.

आणखी एक गोष्ट. लिम्फेडेमाच्या हाताला जंतुसंसर्ग लवकर होतो. हात लाल, गरम होऊन ताप आला आणि त्यासाठी आईला दाखल करावं लागलं, तर ते नवं दाखल होणं धरलं जातं आणि पुढच्या खर्चाची मुदत नव्यानं सुरू होते. संसर्ग उतरल्यावर नवीन ग्लव्ह लागणार असेल, तर त्याचा उल्लेख त्या वेळच्या डिस्चार्ज कार्डावरच्या सल्ल्यात करून घ्या. नंतर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आणलेला सल्ला टीपीए सहसा मानत नाही. संसर्ग चालू असताना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाबाचं काहीही घालायचं नाही.

प्रश्न : दंडापासून मनगटापर्यंत स्लीव्ह घातला तर हात बारीक झाला, पण पंजा आधीपेक्षा जास्त सुजला. दुकानदार म्हणतो आता ग्लव्हही घ्या. हा विकण्याचा प्रकार आहे का? (चिंचवड)

नाही, या वेळी दुकानदार बरोबर सांगतोय. स्लीव्हचा दाब मनगटाशी संपतो. त्याच्या खाली पंजावर दाब शून्य, मग पाणी तिथे साठतं. स्लीव्ह मनगटाशी जास्त आवळत असेल किंवा घसरून तिथे वळ्या पडत असतील, तर पंजा आणखी सुजतो. म्हणून मनगटाजवळची कड आधी तपासा. वळ्या दिसल्या तर माप चुकलंय आणि ग्लव्ह घेऊन ती चूक झाकली जाणार नाही.

ग्लव्ह घ्यायचा की गाँटलेट, हे सूज कुठे आहे त्यावर ठरतं. गाँटलेट तळवा आणि मागची बाजू झाकतो, अंगठ्याला छोटी बाही असते आणि बोटं मोकळी राहतात. सूज फक्त पंजाच्या मागच्या बाजूला असेल तर तो चालतो. बोटं सुजलेली असताना गाँटलेट घातला की पाणी पुढे बोटांत जातं आणि अंगठी निघेनाशी होते. तिथे बोटांचा ग्लव्हच हवा. त्याची टोकं बहुधा उघडी असतात, आणि ती तशी असावीत, म्हणजे नखांचा रंग दिसतो. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा मुंग्या आल्या तर ग्लव्ह लगेच काढायचा.

स्लीव्ह आणि ग्लव्ह एकाच तुकड्यात विणलेलेही मिळतात. मनगटाशी जोड नसल्यानं ते दाबाला चांगले. पण कणीक मळायची, भाजी धुवायची, दर वेळी खांद्यापर्यंतचं सगळं काढायचं, आणि मग चार दिवसांनी ते कपाटात जातं. घरकाम करणाऱ्या माणसाला सुटे दोन तुकडे जास्त जमतात, असं आमचं मत आहे.

माप कधी घेता त्यावर पैसे वाचतात. सकाळी, किंवा पट्ट्यांचा उपचार संपून हात स्थिर झाल्यावर, पट्टी सोडल्यासोडल्या माप घ्यायचं. दुपारी रिक्षातून दुकानात जाऊन सुजलेल्या हाताचं माप दिलं की सकाळी तोच ग्लव्ह ढिला पडतो. मनगट, अंगठा सोडून बोटांच्या मुळांशी तळव्याचा घेर, प्रत्येक बोटाचा मुळाशी आणि नखाजवळचा घेर, बोटांच्या बेचक्यापासून टोकापर्यंतची लांबी – एवढं तरी हवंच. टेप कातडीला टेकवायची, ओढायची नाही. मापानुसार विणलेला ग्लव्ह दुकान परत घेत नाही, म्हणून तक्त्यावर माप घेणाऱ्याची सही आणि तारीख घ्या. घरी आल्यावर बसला नाही तर वाद त्या कागदावरच मिटतो. दोन नग घ्या, एक अंगात आणि एक वाळत. कोमट पाण्यात धुवा, कपडे मऊ करणारं द्रव वापरू नका, उन्हात टाकू नका. रोज वापरलेल्या ग्लव्हचा दाब सहा महिन्यांत उतरतो.

प्रश्न : कंपनीनं दुसऱ्यांदाही नाकारलं. पुढे कुठे जायचं? (सहकारनगर)

कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. अर्जाला शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीनं नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत गेलं पाहिजे. ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे तिथे चालतात, म्हणजे हातमोज्याच्या रकमेला लाजण्याचं कारण नाही. अर्जात रुग्णाची कहाणी कमी आणि कलमांचे क्रमांक जास्त लिहा. कंपनीनं ‘ग्लव्ह’ या बाबीखाली कापलं असेल, तर ती बाब कोणत्या वस्तूबद्दल आहे आणि तुमची वस्तू कोणती, एवढ्यावरच मुद्दा ठेवा.

प्रश्न : आम्ही अमेरिकेतल्या एका सप्लायरचे मेडिकेअर (तिथला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) क्लेम करतो. हाताच्या ग्लव्हला माझ्या टीममध्ये तिघे तीन कोड लावतात. नक्की कोणता? (खराडी)

तिघेही बरोबर असू शकतात, कारण हातासाठीच्या वस्तूंना कोड एक नाही. लिम्फेडेमा ट्रीटमेंट अ‍ॅक्टमुळे १ जानेवारी २०२४ पासून मेडिकेअर पार्ट बीमध्ये (डॉक्टरांची सेवा आणि साधनं यांच्या भागात) लिम्फेडेमाचे कम्प्रेशन कपडे आले आणि त्यासाठी ‘ए’ मालिकेत नवे कोड दिले गेले. त्याआधीचे ‘एस’ मालिकेतले कोड, उदाहरणार्थ तयार ग्लव्हचा एस८४२७, मेडिकेअरला चालत नव्हते आणि आजही चालत नाहीत. काही खासगी पेअर (पैसे देणाऱ्या विमा कंपन्या) मात्र ते अजून मागतात. जुन्या चीट-शीटवरून काम करणारी टीम इथेच पहिल्यांदा अडखळते.

आता वस्तू हातात घेतल्यासारखी बघा. बोटं आहेत का? नसतील तर गाँटलेट, ए६५८२. बोटं आहेत आणि तयार साइजचा आहे, तर ए६५८१. बोटं आहेत आणि रुग्णाच्या मापानुसार बनवलेला आहे, तर कापड मध्यम वजनाचं असल्यास ए६५७९ आणि जड असल्यास ए६५८०. बाही आणि ग्लव्ह एकाच तुकड्यात असेल तर तयार मालाला ए६५७५, मापानुसारला ए६५७४. रात्री घालायचा, आत फोम किंवा भरण असलेला ग्लव्ह या सगळ्यांतून वेगळा : तयार ए६५२०, मापानुसार ए६५२१. सुटी बाही तयार असेल तर ए६५७८, मापानुसार मध्यम ए६५७६, जड ए६५७७. हाताला गुंडाळायचा, पट्ट्यांनी कमी-जास्त करता येणारा रॅप असेल तर ए६५८८.

चुका कुठे होतात? पहिली, एका तुकड्याच्या बाही-ग्लव्हला ए६५७८ आणि ए६५८१ असे दोन कोड लावणं. पैसे जास्त दिसतात म्हणून कुणाला मोह होतो. तपासणीत तो एकाच वस्तूचे दोन तुकडे दाखवण्याचा प्रकार ठरतो आणि पैसे परत जातात. दुसरी, मध्यम की जड हे दाबावरून ठरवणं. या कोडांच्या वर्णनात दाबाचा आकडा नाही, वजन कापडाचं आहे. ते उत्पादकाच्या माहितीवरून आणि मेडिकेअरसाठी वस्तूंचे कोड ठरवून देणाऱ्या पीडॅकच्या डीएमईसीएस या शोधयादीतून ठरवा, अंदाजानं नाही. तिसरी आणि सगळ्यात महागडी : मापानुसारचा कोड लावला, पण फाइलमध्ये मापांचा तक्ताच नाही. तयार साइज का चालला नाही हे डॉक्टरांच्या नोंदीत दिसलं पाहिजे, जसं की मनगट बारीक आणि तळवा फार रुंद, म्हणून कोणत्याच साइजमध्ये बसत नाही. ‘पेशंट प्रिफर्स कस्टम’ असं लिहिलेली नोट म्हणजे डिनायलचं (नकाराचं) आमंत्रण.

बाजू दाखवणारे आरटी (उजवी) आणि एलटी (डावी) मॉडिफायर, म्हणजे कोडाला जोडायची अक्षरं, विसरू नका. दोन्ही हात असतील तर दोन वेगळ्या ओळी करा. बाधित भागासाठी दर सहा महिन्यांना दिवसाचे तीन नग आणि दर दोन वर्षांना रात्रीचे दोन नग, ही मर्यादा आहे. हरवला, चोरीला गेला किंवा दुरुस्त न होण्याइतका फाटला म्हणून मुदतीआधी दिला, तर आरए मॉडिफायर लावायचा आणि कारण फाइलमध्ये तारखेसह असलं पाहिजे. ‘रिप्लेसमेंट’ एवढा शब्द म्हणजे कारण नव्हे.

मापं घेण्याचे, घालून दाखवण्याचे वेगळे पैसे सप्लायरला लावता येत नाहीत, ते वस्तूच्या दरात धरलेले आहेत. सेवेची तारीख ही ग्लव्ह रुग्णाच्या हातात पडल्याची तारीख. कुरियरनं पाठवला असेल तर पाठवल्याची तारीख धरता येते. माप घेतलेला दिवस टाकला की क्लेम आणि पोचपावती जुळत नाहीत.

प्रश्न : डॉक्टरांच्या ऑर्डरवर ‘स्वेलिंग ऑफ राइट हँड’ आहे आणि ग्लव्हचा क्लेम दर वेळी परत येतो. कोड तर बरोबर आहे. (हिंजवडी)

वस्तूचा कोड बरोबर आहे, निदानाचा नाही. ‘हँड स्वेलिंग’ला नियमानं जे कोड जातात, म्हणजे एम७९.८९, आर६०.० किंवा गाठ-सूज असल्यास आर२२.३ मालिका, त्यांतला एकही लिम्फेडेमा नाही. मेडिकेअरची ही सोय फक्त लिम्फेडेमासाठी आहे. मनगट मोडल्यानंतरची, अर्धांगवायूनंतरची किंवा हृदय-मूत्रपिंडाच्या त्रासातली सूज तिच्यात बसत नाही, ग्लव्ह तोच असला तरी.

चालणारे निदान-कोड चार. स्तनाच्या ऑपरेशननंतरचा लिम्फेडेमा आय९७.२. जन्मजात असेल तर क्यू८२.०. इतर लिम्फेडेमा आय८९.०. इतर शस्त्रक्रियांनंतरच्या गुंतागुंतीसाठी आय९७.८९ हाही यादीत आहे. आय९७.२ आणि आय८९.० एकाच हातासाठी एकत्र टाकू नका. आय८९.० च्या खालीच आय९७.२ वगळल्याचं लिहिलं आहे आणि सॉफ्टवेअर ते पकडतं.

निदान तुम्ही बदलायचं नाही, हे मात्र ठाम. नोटमध्ये काखेतल्या गाठी काढल्याचा उल्लेख दिसतोय, घेरांत फरक दिसतोय, म्हणून आपणच आय९७.२ लावून मोकळं व्हायचं, ही घाईच्या रात्रीतली नेहमीची चूक. डॉक्टरांना क्वेरी पाठवा. तीही उत्तर सुचवणारी नको. ‘लिम्फेडेमा लिहाल का?’ असं न विचारता ‘उजव्या हाताच्या सुजेचं कारण कृपया नोंदवा’ असं विचारा. उत्तर आलं नाही तर क्लेम थांबवा. अंदाजानं पाठवलेल्या क्लेमपेक्षा थांबवलेला क्लेम स्वस्त. क्लेम पाठवायला सेवेच्या तारखेपासून एक वर्ष असतं, एवढा वेळ पुरतो.

तेव्हाच ऑर्डरही तपासून घ्या. स्टँडर्ड रिटन ऑर्डरमध्ये (डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरमध्ये) रुग्णाचं नाव किंवा मेडिकेअर क्रमांक, ऑर्डरची तारीख, वस्तूचं वर्णन, लागू असल्यास नगांची संख्या, डॉक्टरांचं नाव किंवा एनपीआय (त्यांचा ओळख क्रमांक) आणि त्यांची सही, एवढं लागतं. क्लेम जाण्याआधी ती सप्लायरकडे असली पाहिजे. थेरपिस्टनं छान सविस्तर नोट लिहिली असेल, पण सही उपचार करणाऱ्या डॉक्टरांची नसेल, तर ती ऑर्डर धरत नाहीत. आणि वर्णनात ‘कम्प्रेशन गारमेंट, हँड’ लिहिलं असेल, तर त्यावरून ग्लव्ह की गाँटलेट हे तुम्हालाही ठरवता येणार नाही. तिथेच ती ऑर्डर परत पाठवा.

प्रश्न : आखूड ताणाच्या पट्टीचे तीन रोल दिले, युनिट तीन टाकले. पैसे फारच कमी आले. (हडपसर)

आखूड ताणाच्या पट्टीचा कोड ए६५९९, त्याचं एकक रोल नाही, लांबीचा यार्ड आहे. पाच मीटरचा रोल म्हणजे साधारण ५.४७ यार्ड, तीन रोल मिळून १६.४ यार्ड. तुम्ही तीन यार्डांचेच पैसे मागितले, तेवढेच मिळाले. उलट चूकही होते : पाकिटावर मीटर लिहिलेले असतात आणि ते यार्ड समजून टाकले जातात. फोमच्या शीटचं आणखी वेगळं, तिथे एकक २५० चौरस सेंटिमीटर. पट्टी-फोमच्या प्रत्येक ओळीला आधी वर्णनाचं शेपूट वाचा, मग आकडा टाका. गेलेल्या क्लेमची दुरुस्ती करताना बीजकावर रोलची लांबी छापलेली प्रत जोडा, नाहीतर जादा युनिट कुठून आले असा प्रश्न येतो.

थेरपिस्टनं पट्ट्या बांधून दिल्या असतील तर ते बांधण्याचं काम वेगळं. दंड, हात, पंजा आणि बोटांना बहुपदरी पट्टी बांधण्याचा सीपीटी कोड (उपचाराच्या कामाचा कोड) २९५८४. तो बांधणाऱ्याच्या क्लेमवर जातो, सप्लायरच्या नाही.

प्रश्न : भाजलेल्या हातासाठी शिवलेला प्रेशर ग्लव्ह पण याच कोडांत जातो का? (विमाननगर)

नाही. भाजल्यानंतरचे व्रण दाबण्यासाठी मापानुसार केलेल्या कपड्यांची मालिका वेगळी आहे. ग्लव्ह मनगटापर्यंत ए६५०४, कोपरापर्यंत ए६५०५, काखेपर्यंत ए६५०६. कोड लांबीवरून ठरतो, म्हणून मापाच्या तक्त्यावर शेवट कुठे आहे ते स्पष्ट हवं. निदानही भाजण्याचं किंवा व्रणाचं असलं पाहिजे. लिम्फेडेमाचा कोड लावून भाजल्याचा ग्लव्ह पाठवला की दोन्ही बाजूंनी अडकतो.

प्रश्न : बहीण न्यू जर्सीत असते, तिला मेडिकेअर आहे. तिथे २० टक्के तिलाच भरावे लागतात. पुण्यातून दोन ग्लव्ह घेऊन पाठवले आणि बिल तिनं मेडिकेअरला दिलं तर? (बाणेर)

पैसे मिळणार नाहीत. ग्लव्ह मेडिकेअरमध्ये नोंदणी असलेल्या सप्लायरकडूनच घ्यावा लागतो आणि क्लेमही तोच करतो. तुम्ही पाठवलेले ग्लव्ह ती स्वतःच्या खर्चानं वापरू शकते, पण मापाशिवाय पाठवू नका. पार्ट बीचा वार्षिक डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची रक्कम) भरून झाल्यावर उरलेले २० टक्के तिच्याकडे पूरक विमा असेल तर तो बऱ्याचदा भरतो, ते तिनं आधी विचारावं. तिचं मेडिकेअर खासगी कंपनीच्या अ‍ॅडव्हान्टेज योजनेतून असेल, तर कोणत्या सप्लायरकडे जायचं आणि आधी परवानगी लागते का, हे त्या कार्डामागच्या नंबरवर कळेल. जाताना तिनं डॉक्टरांची ताजी नोंद न्यावी. त्यात कोणता हात, लिम्फेडेमा कशामुळे, बोटं सुजतात की फक्त पंजा, आणि दिवसाचा ग्लव्ह हवा की रात्रीचाही, हे लिहिलेलं असावं.